लॉसन-पॅटरसनच्या आधी ऑस्ट्रेलियात काय लिहिलं जात होतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.ए. इंग्रजीच्या लघुप्रबंधासाठी तुम्ही ऑस्ट्रेलियाचं वसाहतकालीन साहित्य हा विषय घेतला आहे. हेन्री लॉसन आणि बँजो पॅटरसन हे १८९० च्या दशकातले दोघे लेखक वाचले की पुरे, त्यांच्या आधीचं सगळं इंग्लंडची नक्कल, असं तुम्हाला सांगण्यात आलं. हे खरं का, नसेल तर सुरुवात कुठून करायची, आणि आपल्याकडच्या ग्रंथालयांत ही पुस्तकं सापडत नाहीत तेव्हा वाचायचं कसं, हे तुम्हाला हवं आहे.

मी वसाहतोत्तर साहित्याचा पेपर बरीच वर्षं शिकवते आणि या विषयावरचे लघुप्रबंध करून घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लॉसन आणि पॅटरसन मोठे लेखक आहेत, त्यात वाद नाही. पण खरं ऑस्ट्रेलियन साहित्य त्यांच्यापासून सुरू झालं, हे विधान एका साप्ताहिकाने स्वतःबद्दल पसरवलं आणि पुढच्या समीक्षकांनी उचलून धरलं. तुमची अडचण ‘कोणता लेखक घेऊ’ ही नाहीच. तुम्ही पुस्तकांच्या याद्यांमध्ये हे साहित्य शोधता आहात, आणि ते वाढलं मुख्यतः वर्तमानपत्रांच्या आणि साप्ताहिकांच्या पानांवर. शोधायची जागा बदललीत की तुमचे बाकीचे प्रश्न आपोआप सोपे होतील.

दोन गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्या हाताशी किती महिने आहेत, आणि तुमच्या मार्गदर्शकांना सिद्धांताची चौकट हवी आहे की संहितेचं बारकाईने वाचन चालणार आहे. चार महिने असतील तर एका मोठ्या कादंबरीपेक्षा तीन-चार छोट्या संहिता घ्या. वर्ष असेल तर मार्कस क्लार्कसारख्याची जाडजूड कादंबरी हाती घ्यायला हरकत नाही. माझा कल छोट्या संहितांकडे आहे.

आता ‘नक्कल’ या आरोपाबद्दल. जानेवारी १७८८ मध्ये अकरा जहाजांचा पहिला ताफा कैद्यांना घेऊन सिडनीच्या खाडीत आला, आणि १८६८ पर्यंत ब्रिटनने सुमारे १,६२,००० कैदी या खंडावर पाठवले. अशा ठिकाणी सुरुवातीला काय लिहिलं जाईल? सरकारी अहवाल, रोजनिशा, घरी पाठवलेली पत्रं. वॉटकिन टेंच हा आरमारी शिपायांचा अधिकारी त्या पहिल्या ताफ्यात होता. त्याची १७८९ आणि १७९३ सालची दोन वृत्तांतपर पुस्तकं आजही ताजी वाटतात, कारण त्याला माणसांबद्दल कुतूहल होतं आणि आपला अंदाज चुकला की तो तसं लिहून ठेवतो. त्याच काळात बेनेलाँग या मूळ रहिवाशाने इंग्लंडहून परतल्यावर १७९६ मध्ये एक पत्र सांगून लिहवून घेतलं. मूळ रहिवाशांपैकी कुणाचं इंग्रजीतलं हे आपल्याला ठाऊक असलेलं पहिलं लेखन. मी वर्गात टेंच आणि बेनेलाँग शेजारीशेजारी ठेवते. ‘पहिला लेखक कोण’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, हे मुलांना तिथेच कळतं.

कवितेत मात्र नक्कल आहे, आणि ती लपवायचं कारण नाही. मायकेल मॅसी रॉबिन्सन हा शिक्षा होऊन आलेला वकील. गव्हर्नर मॅक्वॉरीच्या काळात तो राजाच्या आणि राणीच्या वाढदिवसाला स्तुतिकाव्य रचायचा, आणि त्याबद्दल त्याला सरकारी खिल्लारातल्या दोन गाई बक्षीस मिळाल्या. बॅरन फील्ड या न्यायाधीशाने १८१९ मध्ये छोटा काव्यसंग्रह छापला आणि त्यात कांगारूवर कविता लिहिली. इंग्रजी काव्याच्या साच्यात न मावणारा प्राणी समोर उभा आहे आणि कवीची ओढाताण चालली आहे, ते त्या ओळींत दिसतं. विल्यम चार्ल्स वेंटवर्थने १८२३ मध्ये केंब्रिजच्या काव्यस्पर्धेसाठी ‘ऑस्ट्रेलेशिया’ लिहिली आणि दुसरा क्रमांक मिळवला. हे सगळं उसन्या छंदातलं लेखन आहे. मी विद्यार्थ्यांना एवढंच सांगते, की उसना छंद कुठे अडखळतो ते शोधा. तिथे बहुधा काहीतरी खरं बोललं जात असतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण १८३८ सालचं आहे आणि माझ्या मते तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथूनच सुरू व्हावं. त्या वर्षी जूनमध्ये न्यू साउथ वेल्समधल्या मायल क्रीक इथे गोऱ्या गुराख्यांनी किमान २८ मूळ रहिवाशांची कत्तल केली, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. पहिल्या खटल्यात अकरा आरोपी सुटले. दुसऱ्या खटल्यात सात जण दोषी ठरले आणि १८ डिसेंबरला फाशी गेले. फाशीच्या पाच दिवस आधी, १३ डिसेंबरला, ‘द ऑस्ट्रेलियन’ या सिडनीच्या वृत्तपत्रात एलायझा हॅमिल्टन डनलॉप हिची ‘द अबोरिजिनल मदर’ ही कविता छापून आली. बोलणारी आहे त्या कत्तलीतून तान्ह्या मुलाला घेऊन निसटलेली आई. डनलॉप आयर्लंडहून नुकतीच आली होती. कवितेचा घाट पाहिलात तर तो त्या काळच्या इंग्रजी भावगीताचा आहे, पाळण्याच्या गाण्यासारखा. पण शहरातलं गोरं जनमत फाशीच्या शिक्षेवर संतापलेलं असताना त्या गोड चालीत ती जे सांगते आहे त्याला नक्कल कसं म्हणायचं? आयझॅक नेथन या संगीतकाराने पुढे ती कविता गाण्यात बांधली. डनलॉपने नंतर वोलोम्बी भागातल्या मूळ रहिवाशांचे शब्द आणि गाणी टिपून ठेवली. तिचे वडील तिच्या लहानपणीच हिंदुस्थानात वकिली करायला गेले होते आणि तीही १८२० मध्ये इकडे येऊन गेली होती. साम्राज्याचं दुसरं टोक तिने सिडनीच्या आधी पाहिलं होतं, हे तिची कविता वाचताना मी नेहमी सांगते.

तिच्यासमोर ठेवा चार्ल्स हार्पर. हा १८१३ मध्ये सिडनीजवळच्या विंडसर गावी जन्मला, आई-वडील दोघेही शिक्षा होऊन आलेले. त्याची ‘द क्रीक ऑफ द फोर ग्रेव्ह्ज’ ही दीर्घकविता १८४५ ची. एक वसाहतवाला आपल्या चार माणसांना घेऊन चराऊ जमिनीच्या शोधात निघतो, रात्री मुक्कामावर मूळ रहिवाशांचा हल्ला होतो, चौघे मरतात, मालक कसाबसा वाचतो. निसर्गवर्णन अप्रतिम आहे, आणि तो निसर्ग इंग्लंडचा नाही. डोंगरावरचा मावळतीचा उजेड, शेकोटीभोवतीची माणसं, मध्येच दाटणारा अंधार, हे बघून लिहिलेलं आहे. पण कवितेत थडगी कुणाची मोजली जातात? चार गोऱ्या माणसांची. सात वर्षांपूर्वी मायल क्रीकला मेलेल्यांची थडगी कुणी मोजली नव्हती. हार्परवर अन्याय नको म्हणून हेही सांगते, की मूळ रहिवासी आईच्या विलापाची कविता त्यानेही लिहिली आहे. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली जो संग्रह आला त्यात संपादकाने त्याची धारदार राजकीय बाजू बरीच कापून टाकली, आणि पुढच्या पिढ्यांनी तोच मवाळ हार्पर वाचला. म्हणून मी वर्तमानपत्राच्या पानाचा एवढा आग्रह धरते.

त्या पानाबद्दल थोडं थांबून सांगते. वसाहतीत पुस्तक छापणं महाग होतं आणि वाचक विखुरलेले. मोठे प्रकाशक लंडनमध्ये, हस्तलिखित पाठवायचं तर समुद्रमार्गे महिने लागणार. याउलट वर्तमानपत्रं भरपूर होती. मोठ्या दैनिकांनी साप्ताहिकं काढली, ‘ऑस्ट्रेलेशियन’, ‘सिडनी मेल’, ‘क्वीन्सलँडर’ ही त्यातली नावाजलेली. ती आडगावातल्या मेंढ्यांच्या कुरणांपर्यंत जायची. एकाच अंकात लोकरीचे भाव, जहाजांचं आगमन, शर्यतींचे निकाल, आणि कादंबरीचं पुढचं प्रकरण. वाचकाला अंक विकत घ्यायलाच लागायचा, लेखकाला थोडे पैसे मिळायचे. ह. ना. आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होत्या, हे आठवा. आपटे आणि पॅटरसन दोघेही १८६४ चे. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना कादंबरी साप्ताहिकाच्या आधाराने उभी राहत होती, यावरच एक स्वतंत्र प्रबंध होईल, पण तो आत्ता तुम्ही अंगावर घेऊ नका.

क्रमशः छापण्याचा परिणाम लेखनावर होतो. मार्कस क्लार्क १८६३ मध्ये कोवळ्या वयात मेलबर्नला आला. १८७० मध्ये ‘आर्गस’ वृत्तपत्रातर्फे तो टास्मानियाला गेला, जुन्या कैदी वसाहतीचे कागद पाहिले, पोर्ट आर्थर हा तिथला कैद्यांचा तळ पुरता बंद होण्याआधी डोळ्यांनी पाहिला, आणि ‘हिज नॅचरल लाइफ’ लिहायला घेतली. ‘ऑस्ट्रेलियन जर्नल’मध्ये ती १८७० ते १८७२ अशी चालली. १८७४ मध्ये पुस्तक आलं तेव्हा त्याने मोठा भाग कापला आणि शेवट बदलला. मासिकातला नायक पुढे जगतो, पुस्तकातला वादळात बुडतो. विद्यापीठांत शिकवतात ते बहुधा पुस्तक. ‘या कादंबरीत कैद्याला सुटका नाही’ असं लिहिण्यापूर्वी आपण कोणत्या आवृत्तीबद्दल बोलतो आहोत ते सांगावं लागतं. रोल्फ बोल्ड्रवुडची ‘रॉबरी अंडर आर्म्स’ तशीच. ‘सिडनी मेल’मध्ये १८८२-८३ ला क्रमशः, १८८८ ला पुस्तक, आणि पुढची मॅकमिलनची सर्वत्र पोचलेली आवृत्ती संक्षिप्त. लेखक स्वतः दंडाधिकारी, आणि कथा सांगणारा फाशीची वाट बघत तुरुंगात बसलेला दरोडेखोर. त्याची बोली इतकी जिवंत आहे की ‘नक्कल’ म्हणणाऱ्यांना मी पहिली दोन पानं मोठ्याने वाचायला लावते.

बायकांचं लेखन तर पुस्तकांच्या यादीतून जवळजवळ गळूनच जातं. कॅथरीन हेलन स्पेन्सची ‘क्लारा मॉरिसन’ ही कादंबरी १८५४ ची. सोन्याच्या शोधात पुरुष निघून गेले तेव्हा ॲडलेड शहरात मागे राहिलेल्या बायकांनी घरं कशी चालवली, हा तिचा विषय. लंडनच्या प्रकाशकाने ४० पौंड दिले आणि कादंबरी आखूड करण्याचे १० पौंड त्यातूनच कापले. पुढे हीच स्पेन्स मताधिकाराच्या चळवळीत अग्रभागी होती. मेरी फॉर्च्युनचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘वेफ वॉन्डर’ अशा टोपणनावाने ती ‘ऑस्ट्रेलियन जर्नल’मध्ये सुमारे चाळीस वर्षं गुप्तहेरकथा लिहीत राहिली, पाचशेच्या वर. सोन्याच्या खाणींवर ती स्वतः राहिली होती, तंबू, चिखल, पोलीस चौक्या तिला ठाऊक होत्या. गुन्हेगारी कथा लिहिणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या बायकांपैकी ती एक, आणि ती नेमकी कोण होती हेच कितीतरी दशकं कुणाला माहीत नव्हतं. फर्गस ह्यूमच्या १८८६ च्या ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ या गुप्तहेर कादंबरीचं नाव सगळ्यांना माहीत आहे, कारण ते पुस्तक होतं आणि लंडनमध्ये प्रचंड खपलं. ह्यूमने हक्क ५० पौंडांना विकून टाकले होते. फॉर्च्युन मासिकात राहिली, आणि मासिक रद्दीत गेलं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर साहित्य होतं, भरपूर होतं, आणि त्यात कैदी, न्यायाधीश, बायका, दरोडेखोरांचे आवाज सगळं होतं. ते पुस्तकांच्या दुकानात नव्हतं, एवढंच.

मग लॉसन-पॅटरसनची कथा कुठून आली? ३१ जानेवारी १८८० ला जे. एफ. आर्चिबाल्ड आणि जॉन हेन्स यांनी सिडनीत ‘बुलेटिन’ काढलं. राजेशाहीविरोधी, चटपटीत, वाचकांनाच लिहायला लावणारं साप्ताहिक. लोक त्याला बुशमधल्या माणसाचं बायबल म्हणायचे. बुश म्हणजे शहराबाहेरचा सगळा रानमाळाचा, मेंढ्या-गुरांचा मुलूख. ‘बुलेटिन’ने तिथल्या कष्टकरी पुरुषाला राष्ट्राचा चेहरा केलं, आणि १९५० च्या दशकात व्हॅन्स पामर आणि रसेल वॉर्ड या अभ्यासकांच्या पुस्तकांनी ‘बुलेटिन’च्या त्या १८९० च्या दशकाला दंतकथेचं स्थान दिलं. ही दंतकथा कुणाला वगळून उभी राहिली, हे तुम्ही विचारायलाच हवं. ‘बुलेटिन’ चिनी मजुरांविरुद्ध उघड विष पेरत होतं. ‘ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी’ हे बोधवाक्य १९०८ पासून पुढे अनेक दशकं त्याच्या मथळ्याखाली छापलं जायचं. आपण हिंदुस्थानी वाचक आहोत, हे वाचताना ते विसरायचं नाही, आणि त्यामुळे लॉसनला फेकूनही द्यायचं नाही.

कारण तो विलक्षण कथाकार आहे. १८९२ च्या जुलैत त्याने ‘बुलेटिन’मध्ये बुशच्या गुलाबी चित्रावर हल्ला करणारी कविता छापली आणि पॅटरसनने २३ जुलैच्या अंकात बुशची बाजू घेऊन उत्तर दिलं. पॅटरसन तेव्हा सिडनीत वकिली करत होता. लॉसन खाणींच्या गावांत दारिद्र्यात वाढलेला, लहानपणापासून कानाने अधू. त्याच २३ जुलैच्या अंकात लॉसनची ‘द ड्रोव्हर्स वाइफ’ ही कथाही आहे. नवरा मेंढ्यांचे कळप हाकत महिनोन्महिने दूर, घरात एकटी बाई आणि चार मुलं, जमिनीच्या फटीत साप शिरला आहे आणि ती रात्रभर जागते आहे. मेलेलं मूल कवेत घेऊन मदतीसाठी एकोणीस मैल घोड्यावर गेल्याची आठवण एका वाक्यात येऊन जाते. पॅटरसनच्या कवितेला यापेक्षा मोठं उत्तर कुठलं असणार? हा अंक पूर्ण बघितल्याशिवाय हा संवाद कळत नाही, कारण कथासंग्रहांत ती कथा एकटी उभी असते. कथासंग्रह वाचून कुणीच सांगू शकणार नाही की शेजारच्या पानावर पॅटरसन होता.

त्या कथेत एक जागा आहे, तिथे मी वर्गाला हमखास थांबवते. एक मूळ रहिवासी सरपण फोडून देतो, बाई खूश होऊन त्याला जास्तीची तंबाखू देते, आणि नंतर ध्यानात येतं की सरपणाचा ढीग आतून पोकळ रचला आहे. ती रडते. लॉसन म्हणतो की तो आपल्या जमातीतला शेवटचा माणूस होता आणि राजा होता, पण त्याने तो ढीग पोकळ रचला. सगळं लक्ष बाईच्या अश्रूंकडे, आणि एका संपूर्ण जमातीचा शेवट वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात उरकला जातो. ती जमात कशी संपली असेल हे विचारायला कथा थांबत नाही. मायल क्रीकपासून इथपर्यंत चोपन्न वर्षं आहेत. डनलॉपची आई आणि लॉसनचा हा माणूस एकाच प्रबंधात आले तर तुम्हाला स्वतंत्र सिद्धांत शोधावा लागणार नाही.

आणि लॉसनच्या शेजारी बार्बरा बेंटन ठेवायलाच हवी. तिच्या ‘द चोझन व्हेसल’मध्येही एकटी बाई, तान्हं मूल, लोकरकापणीला गेलेला नवरा. पण इथे धोका सापाचा नाही, रस्त्याने येणाऱ्या पुरुषाचा आहे, आणि सकाळ होताना तिला वाचवणारं कुणी नसतं. टापांचा आवाज ऐकून ती मदतीसाठी धावते, तर घोडेस्वाराला वाटतं की आपल्याला कुमारी मेरीचं दर्शन झालं, आणि तो पुढे निघून जातो. ‘बुलेटिन’ने १८९६ मध्ये ही कथा ‘द ट्रॅम्प’ या नावाने छापली, तेव्हा त्या घोडेस्वाराचा सगळा भाग कापून टाकला. बाईला देवी समजणारी नजरच तिचा घात करते, हा कथेचा गाभा त्यात गेला. पूर्ण कथा १९०२ मध्ये लंडनहून निघालेल्या ‘बुश स्टडीज’ या संग्रहात आली. बेंटनने काय लिहिलं आणि ‘बुलेटिन’ने काय छापलं, या दोन पाठांची तुलना कुठल्याही एम.ए.च्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातली आहे, आणि ती केली की दंतकथा कशी घडवली गेली ते पुराव्यानिशी दाखवता येतं. लॉसनची आई लुइझा १८८८ पासून ‘द डॉन’ हे बायकांचं मासिक काढत होती, छापखान्यात टाइप जुळवायला बायका ठेवत होती, आणि मुलाचं पहिलं पुस्तक १८९४ मध्ये तिनेच छापलं. प्रस्तावनेत एक परिच्छेद तिच्यावर असू द्या.

पुस्तकं मिळत नाहीत ही तुमची तक्रार आता तितकीशी उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ फुकट आहे आणि त्यावर जुन्या वर्तमानपत्रांची पानंच्या पानं स्कॅन करून ठेवली आहेत, ‘बुलेटिन’सुद्धा. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग ऑस्ट्रेलिया’वर लॉसन, क्लार्क, बोल्ड्रवुड, बेंटन सगळे मिळतात. ट्रोव्हवर यंत्राने वाचलेला मजकूर शेजारी दिसतो, त्यात अक्षरांच्या चुका असतात, म्हणून उद्धृत करताना मूळ पानाचं चित्रच बघा. शोधताना खऱ्या नावाइतकंच टोपणनाव आणि आद्याक्षरं टाकून बघा, कारण तेव्हाचे निम्मे लेखक तसेच छापले जात. आणि कविता सापडली की फक्त ती कापून घेऊ नका, अख्खं पान जपून ठेवा.

शेवटी, विषय अजून पक्का झाला नसेल तर एक नाव सुचवते आणि ते मनापासून सुचवते: जॉन लँग. हा १८१६ मध्ये सिडनीजवळ पॅरामाटाला जन्मला, आईकडचा आजोबा पहिल्या ताफ्यातून आलेला कैदी. ऑस्ट्रेलियात जन्मलेला पहिला कादंबरीकार म्हणून त्याचं नाव घेतात. इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाला, आणि १८४२ मध्ये हिंदुस्थानात आला तो जवळजवळ कायमचाच. ‘मोफसिलाइट’ नावाचं वर्तमानपत्र त्याने उत्तर हिंदुस्थानातून चालवलं आणि कंपनी सरकारला सतत टोचलं. मसुरीला १८६४ मध्ये वारला, थडगं तिथेच आहे. कैद्यांच्या ऑस्ट्रेलियावरच्या त्याच्या गोष्टी आणि ‘द फोर्जर्स वाइफ’ ही कादंबरी लिहिणारा माणूस हिंदुस्थानात बसलेला होता.

१८५४ मध्ये झाशी खालसा करण्याचा हुकूम निघाला तेव्हा राणी लक्ष्मीबाईने सोनेरी कागदावर फारसीत पत्र पाठवून याच लँगला वकील म्हणून बोलावून घेतलं. ‘वाँडरिंग्ज इन इंडिया’ या १८५९ च्या पुस्तकात त्या भेटीचं प्रकरण आहे. मध्ये पडदा, दत्तक मुलगा दामोदर तो क्षणभर बाजूला करतो, लँगला राणी दिसते, अंगावर साधी पांढरी मलमल, दागिने जवळजवळ नाहीत. तो तिला सांगतो की पेन्शन घ्या आणि लंडनला दाद मागा. तिचं उत्तर त्याने हिंदुस्थानीतच नोंदवलं आहे: ‘मेरा झाँसी नहीं देंगी.’ मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येक मुलाला जे वाक्य पाठ आहे, ते एका ऑस्ट्रेलियन लेखकाने ऐकून छापलं आहे. आणि तो प्रवासही आधी डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात लेखमाला म्हणून आला होता.

लँग पूर्णपणे आपल्या बाजूचा नाही. राणीच्या आवाजाबद्दल, रंगाबद्दल तो जे लिहितो ते साहेबाच्या नजरेतूनच लिहितो, आणि पुस्तक निघालं तेव्हा राणी जाऊन वर्ष झालं होतं, लंडनचा वाचक सूडाने पेटलेला होता. अशा वेळी तिच्याबद्दल सहानुभूतीने लिहिणं आणि त्याच परिच्छेदात तिच्याकडे वरून बघणं, या दोन्ही गोष्टी त्या प्रकरणात आहेत. ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांबद्दल लिहिताना त्याची नजर कशी असते, ते शेजारी ठेवून बघा. ज्याच्या घराण्यावर कैद्याचा शिक्का आहे तो माणूस झाशीकडे इंग्रज म्हणून बघतो की आणखी कुणी म्हणून, हा तुमचा प्रबंधप्रश्न होऊ शकतो. तुलनेसाठी मराठीत विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आहेच. ते झाशीच्या वेढ्यात स्वतः होते, पुस्तक १८८३ च्या सुमारास लिहिलं आणि १९०७ मध्ये छापलं गेलं. लँगची राणी पडद्याआडून बोलते, गोडसे भटजींची राणी वाड्यात वावरताना आणि लढताना दिसते.

मार्गदर्शकांना हे पटवायचं असेल तर एक पान लिहून न्या. त्यात तीन संहितांची नावं असू द्या: लँगचं झाशीचं प्रकरण, त्याच्या ‘बॉटनी बे’ या १८५९ च्या संग्रहातल्या दोन गोष्टी, आणि गोडसे भटजींचा झाशीचा भाग. प्रत्येकापुढे ते पहिल्यांदा कुठे आणि केव्हा छापलं गेलं ते लिहा. लँग नको वाटला तर डनलॉप, लॉसन, बेंटन हे तिघे घ्या आणि तेच करा. लॉसन वगळल्याची तक्रार त्यात येणार नाही, आणि पहिल्या छापील पानाची तारीख तुमच्या हातात असेल.